कपाटातली माणसं

भाऊ खेरांविषयी कोणी विचारलं की मी आधी खुर्ची ओढून बसते. उभ्या उभ्या सांगण्यासारखा तो माणूसच नव्हता. माळनाक्याच्या चढावर आमची दुमजली इमारत, खाली आम्ही नेने, वर खेर, आणि मधे एकच जिना. त्या जिन्यावर भाऊंनी मला किती वेळा अडवलं असेल त्याची गणतीच नाही. माझ्या एका हातात दूध, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, गुडघे कुरकुरतायत, आणि भाऊ कठड्याला टेकून सांगतायत की अंतराळाच्या सिनेमांचे पुढचे भाग काढणाऱ्या लोकांना काही लाजलज्जा म्हणून उरलेली नाही. मी म्हणायची, होय हो भाऊ, दूध तापवायचंय. ते म्हणायचे, तापवा की, पण मला एवढंच सांगा वहिनी, पहिल्या भागात जिवावरच्या दुखण्यातून वाचलेला माणूस दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच मारायचा, याला काय म्हणायचं? मी काय म्हणणार कपाळ! मला ते सिनेमे कळले नाहीत आणि त्यातली माणसंही कळली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. जिना आता मोकळा असतो आणि दूध वेळेवर तापतं. त्याचं सुख व्हायला हवं होतं, पण ते काही होत नाही.

नाक्यावर त्यांची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. घरोघरी लोक रात्रीपुरती कॅसेट भाड्याने न्यायचे तेव्हाची. पुढे सीड्या आल्या, मग तेही गेलं आणि आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. रत्नागिरीत तशा लायब्रऱ्या आणखीही होत्या, पण गिऱ्हाइकाला माल न देणारी ही एकच. म्हणजे पहिला भाग ते आनंदाने द्यायचे. दुसरा मागितला की चौकशी: पहिला पाहिलात का, घरात लहान कोण, हळवं कोण. आणि तिसरा मागितला की सरळ नाही म्हणायचे. एकदा एका बँकेतले नवे साहेब आले, त्यांनी कुठल्याशा अंतराळ-सिनेमाचा तिसरा भाग मागितला. भाऊ म्हणाले, नाही. साहेब म्हणाले, अहो, तुमच्या डोक्यामागे फळीवर दिसतेय की. भाऊंनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, दिसतेय खरी, पण देणार नाही. दोनवर थांबा, नाहीतर माझ्या नावाने बोटं मोडाल. साहेब तावातावाने निघाले तर यांनीच त्यांना खालच्या आळीतल्या दुसऱ्या लायब्ररीचा पत्ता सांगितला. आता हा काय धंदा झाला का! आमचे हे म्हणायचे, खेरांच्या दुकानात लक्ष्मी आली तरी तिला आधी विचारतील, पहिला भाग पाहिलास का.

त्यांची मतं अशी होती. दुसरा भाग काढावा तो पहिल्यातल्या माणसांची चौकशी करायला. कसे आहात, बरं चाललंय ना, एवढं विचारावं, चहा घ्यावा आणि उठावं. तिसरा भाग म्हणजे बाराव्याला आलेल्या पाहुण्याने मुक्काम ठोकावा तसा. नट बदलला तर त्यांचा अगदी संताप व्हायचा. जावई बदललेला खपेल एक वेळ, म्हणायचे, पण कप्तानाचं तोंड बदललेलं खपणार नाही. आणि शेवटी सगळे आपापल्या घरी पोचले पाहिजेत. ज्या सिनेमात यानातून निघालेली सगळी माणसं यानात परत येतात तो उत्तम. एक जरी बाहेर राहिलं तर सिनेमा बाद. बाकी युद्ध कसं दाखवलंय, यंत्रं कशी केलीयत, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

लोक चक्रम म्हणायचे. मीही म्हटलंय. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण आपल्याला दिसत तर असतं ना? मला तेही दिसत नव्हतं.

भाऊंना एकच मुलगी, मंजू. आज चाळिशी उलटली तिची, पण समज सहा-सात वर्षांच्या मुलीची. बोलते, पण एकेक शब्द शोधून आणते आणि मग ठेवते. समोरच्याला धीर धरवत नाही, तो तिचं वाक्य पुरं करून टाकतो, आणि मग ती गप्प होते. तिची आई शालिनीवहिनी होती तोवर मंजूचं सगळं तिच्याकडे होतं. मंजू विशीत असताना वहिनींना पोटाचं दुखणं झालं. एके सकाळी त्या रिक्षात बसून दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. मंजू कितीतरी दिवस रिक्षा थांबल्याचा आवाज आला की जिना उतरून खाली यायची. मी दार उघडलं की विचारायची, आई? मला रडू आवरायचं नाही, आणि तिच्यासमोर रडायचंही नाही.

अंतराळाचे सिनेमे तिला कसे लागले ते भाऊंनीच एकदा सांगितलं. ते दुकानात नवीन कॅसेट चालते का बघत होते आणि मंजू स्टुलावर बसली होती. सिनेमात एक यंत्रमानव होता. तो एकेक शब्द सुटा सुटा बोलायचा, आणि बाकीचे सगळे, अगदी कप्तानसुद्धा, त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचे. कोणी मधे तोंड घालत नव्हतं. मंजू उठून पार टीव्हीच्या काचेला नाक लावून उभी राहिली. तेव्हापासून दुसरं काही नको.

मग ती माणसं घरात आली. राजिवड्याचे अब्बासभाई बोटीवर होते. त्यांच्या घरच्यांना भाऊ कॅसेटी फुकट द्यायचे, त्याची आठवण ठेवून त्यांनी कुठल्याशा बंदरातून मंजूसाठी तो कप्तान आणला. प्लॅस्टिकचा, वीतभर उंचीचा, हात वळणारे, पाय वळणारे, कमरेला पिस्तूल. पुढच्या खेपेला यंत्रमानव आला. मग प्रत्येक खेपेला कोणीतरी येतच राहिलं, आणि अब्बासभाईंचं ऐकून दुसरेही खलाशी आणायला लागले. भाऊंनी पुढे स्वतःही मुंबईला जाऊन शोधून शोधून आणले. काचेचं कपाट करून घेतलं. कोणी त्यांना खेळणी म्हटलं की भाऊंचा चेहरा उतरायचा. "माणसं म्हणा वहिनी," म्हणायचे. आता तीन डोळ्यांच्या हिरव्या प्राण्याला माणूस कसं म्हणायचं? पण म्हणायची मी. मंजूने त्याला नाव ठेवलं होतं गुरव. चंदेरी यंत्रमानव तो मास्तर. परग्रहावरची एक राणी होती, तिचं नाव नेनेकाकू. मला मेलीला तो मान का मिळाला ते विचारू नका, राणीला दोन शिंगं होती.

आपल्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात चपलेला बुरशी, पापडाला बुरशी, तशी त्या माणसांनाही यायची. प्लॅस्टिक चिकट व्हायचं, सांधे धरायचे. म्हणून दर रविवारी दुपारी बापलेक जमिनीवर चादर पसरून एकेकाला कोरड्या फडक्याने पुसत बसायची. कपाटात कापूर ठेवलेला. पुसताना भाऊ हाक मारणार, गुरव आले का? आणि मंजू तो उचलून देत म्हणणार, आले. मास्तर आले का? आले. सगळी हजेरी झाल्याशिवाय कपाटाचं दार लावायचं नाही. वर ही हजेरी आणि खाली माझी दुपारची झोप. मी एकदा वर जाऊन बोललेही. तर भाऊंनी शांतपणे विचारलं, कोणती वेळ ठेवू? आणि पुढच्या रविवारपासून हजेरी चहानंतर व्हायला लागली.

माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. एका दसऱ्याला त्या मंजूला सोबत म्हणून वर जाऊन बसल्या. भाऊ दुकानाची पूजा करायला गेले होते. परत येऊन बघतात तर कपाट उघडं आणि सगळी माणसं पाटावर रांगेने मांडलेली, ज्याच्या त्याच्या बंदुकीला गंध, फूल, अक्षता आणि कपाळाला ठसठशीत ओलं कुंकू. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं: शस्त्रं आहेत ना हातात? मग आज पूजा नको त्यांची? घरात शस्त्रं असून दसऱ्याला कोरडी ठेवायची म्हणजे काय. भाऊंनी ओल्या फडक्याने कुंकू पुसायचा प्रयत्न केला, तर ते आणखीच पसरलं. पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये ते असं मुरलं की आजतागायत कप्तानाचं कपाळ गुलाबी आहे. मला वाटलं, आता आमच्या दोन घरांत अबोला होणार. पण मंजू टाळ्या वाजवत होती. तेव्हा भाऊंनी काय करावं? आत जाऊन आपट्याची पानं आणली आणि एकेक पान सगळ्यांच्या पुढ्यात ठेवलं. पुढे दर दसऱ्याला ते होतच राहिलं, सासूबाई गेल्यावरसुद्धा.

आता तिसऱ्या भागाचं सांगते. त्या कप्तानाच्या सिनेमाचा तिसरा भाग भाऊंनी घरात कधी येऊ दिला नव्हता. पण केबल आली. एका दुपारी भाऊ दुकानात, मंजू एकटी वर टीव्हीपुढे, आणि केबलवाल्याने नेमका तोच लावला. त्यात म्हणे शेवटी कप्तान बाकीच्यांना वाचवण्यासाठी एकटा जळत्या यानात मागे राहतो. वरून काही आपटल्याचा आवाज आला म्हणून मी गेले, तर मंजू कपाटातला कप्तान घट्ट धरून दाराशी उभी. भाऊंना बोलावलं. पुढे कितीतरी दिवस ती जेवायची नाही, अंघोळीला जायची नाही, कप्तानाला हातातून सोडायची नाही. आणि पुन्हा रिक्षा थांबली की जिन्यात येऊन उभी. इतक्या वर्षांनी! भाऊ तिच्यापुढे बसून शपथेवर सांगायचे की तो भाग खोटा आहे, लबाड लोकांनी काढलाय, खरा कप्तान घरी पोचला. कधीतरी तिला ते पटलं, किंवा ती दमली.

त्या दिवसांत एका दुपारी मी काही द्यायला दुकानात गेले. शटर अर्धं ओढलेलं, आत भाऊ एकटेच टीव्ही बघत बसलेले, मांडीवर जेवणाचा डबा तसाच. म्हणाले, नवीन दुसरा भाग आलाय, बघून ठेवतो. मी विचारलं, कसा आहे? तर म्हणाले, मधे एकाला घर सोडायला लावतात, आणि तो परत येताना दाखवला नाही. नको हा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस सिनेमाचं परीक्षण करत नव्हता. आई जशी घास द्यायच्या आधी आपल्या ओठाला लावून बघते तसं चाललं होतं त्यांचं. सगळ्या गावाला जी मतं ऐकवत फिरत होते ती एका मुलीच्या मापाने बेतलेली होती. मला इतकी लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला. सांगायला काय झालं होतं?

पण जिन्यातलं बोलणं काही थांबलं नाही, आणि मला ऐकण्याचा कंटाळा यायचा तो यायचाच. दुसऱ्याचं दुःख कळलं म्हणून आपले गुडघे दुखायचे थांबत नाहीत.

दुकान कायमचं बंद झाल्यावर पुण्याहून ओंकार नावाचा एक मुलगा आला होता. नोकरी करणारा, चांगल्या घरातला. अशा माणसांचा संग्रह करणारे असतात म्हणे, आणि भाऊंच्या कपाटाचे फोटो कोणीतरी कुठेतरी टाकले होते ते बघून तो आला. भाऊंनी मलाही वर बोलावलं, चहा करायला दुसरं कोण होतं? ओंकारने पहिल्यांदा विचारलं, यांचे मूळ खोके कुठे आहेत? खोक्यासकट असली तरच संग्रहात किंमत. भाऊ म्हणाले, बंबात घातले. अंघोळीचा बंब पेटवायला तो पुठ्ठा फार बरा पडायचा. त्या मुलाने चहाचा कप खालीच ठेवला. मग कुंकू बघितलं. मग एकेकाचे झिजलेले हात बघितले. पण पोरगा गुणी, काही वेडंवाकडं बोलला नाही. उलट कप्तान हातात घेऊन म्हणाला, काका, हे तुम्ही खरे वापरलेत.

पुढे गोष्ट तिसऱ्या भागावर आली. मंजू दारात उभी होती म्हणून भाऊ आवाज खाली करून बोलत होते. ओंकारचं म्हणणं, तिन्हींत तोच थोर, कारण कप्तानाच्या मरणाने सगळ्या गोष्टीला अर्थ येतो. भाऊ नेहमी अशा वेळी खवळायचे, मला वाटलं आता सुटणार. पण ते थकल्यासारखे बोलले.

"अर्थ ज्याला लागतो त्याचं ठीक आहे. ज्याला तो लागतच नाही त्याने त्या मरणाचं काय करायचं?"

ओंकारने मंजूकडे बघितलं आणि मान खाली घातली. जाताना भाऊंच्या पाया पडला.

मला वाटतं, आपल्यामागे मंजूचं काय, हे तेव्हापासूनच भाऊंच्या मनाने घेतलं असावं. वर्षभराने ते मोरीत घसरून पडले. खुब्याचं हाड वाचलं, पण उठवेना. मंजू पाणी ओतत राहिली, तिला वाटलं अंघोळ राहिलीय. मी वर जाईपर्यंत ते तिथेच, थंडीने निळे झालेले. भाऊंचा डोंबिवलीला राहणारा सख्खा भाऊ फोनवर म्हणाला, बघू. त्याचं 'बघू' मी ओळखून होते, स्वतःचंच त्याला होईनासं झालं होतं. आणि मी? माझी सत्तरी सरलेली, बीपीच्या गोळ्या, मुलगा परमुलखात. मंजूचं करीन असं तोंडाने म्हणायलाही मला भीती वाटायची. भाऊंनी मला विचारलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

काठी घेऊन हिंडायला लागल्यावर ते अलोऱ्याकडे जाऊन आले. त्या बाजूला एका डॉक्टरबाईंनी मंजूसारख्या मोठ्या मुलींसाठी घर चालवलंय. परत आल्यावर जिन्यातच मला सांगितलं की मंजूला तिकडे ठेवायचं ठरवलंय. मी भडकले. म्हटलं, अहो, तुमचे हातपाय चालतायत तोवर तरी तिला बापाजवळ राहू द्या की. ही कसली घाई? जिवंतपणी पोरीला पोरकं करायची हौस आहे का तुम्हाला? बोलून गेले मी, आणि भाऊ कठड्याला धरून खालच्या पायरीवर बसले.

"वहिनी, मी मेल्यावर तुम्ही तिला तिकडे न्याल. म्हणजे एकाच दिवशी तिचं घर पण जाईल आणि मी पण. शालिनी गेली तेव्हा घर तरी होतं, तरी काय झालं ते तुम्ही बघितलंत. म्हणून एकेक करतो. आधी घर सुटू दे. मी आहे तोवर ती रडली तर मला तिकडे जाऊन दिसता येईल, मी मेलेलो नाही हे दाखवता येईल. ते घर तिचं झालं की मग मी गेलो तरी चालेल."

मी आत जाऊन पाणी आणलं.

त्यांनी तालीम सुरू केली. मंजूला सांगायचं, मुंबईला जातो, संध्याकाळी येतो. तिला माझ्याकडे बसवायचं आणि पिशवी घेऊन निघायचं. एका दिवसात मुंबईला जाऊन येणारा माणूस, पण मंजूला ते कुठे ठाऊक! येताना मिठाई आणायचे, आमच्याच नाक्यावरच्या दुकानातली. मी समजत होते की अलोऱ्याला कागदपत्रांसाठी जातात. मग एक दिवस भाट्याची सुगंधा ओले काजूगर घेऊन आली आणि मला बाजूला घेऊन विचारायला लागली, तुमचे वरचे भाऊ आमच्याकडे सुरूच्या बनात येऊन बसतात ते काय ओ? डबा खातात, आडवे होतात, पुन्हा उठून बसतात. घरात भांडण झालाय काय? मी तिला म्हटलं, नाही गो, हवा लागते त्यांना. दिवसभर तो माणूस खाडीपलीकडे बसून मुलीवाचून दिवस काढायला शिकत होता. तालीम तिची होती असं आम्ही समजत होतो. आणि मंजू इकडे पहिल्या पहिल्यांदा जिन्यावर बसून राहायची, मग हळूहळू माझ्याबरोबर कुळीथ निवडायला लागली.

दिवाळी झाल्यावर नेलं तिला. कपाट आणि माणसं टेम्पोतून आधी गेली. घडी बसेपर्यंत महिनाभर येऊ नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, आणि भाऊंनी ते पाळलं. त्या महिन्यात भाऊ सिनेमाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. सकाळी माझ्याकडे येऊन बसायचे, चहा घ्यायचे, गार करून घ्यायचे. शेवटी मीच न राहवून विचारलं, नवीन काही दुसरा भाग वगैरे आलाय का हो? म्हणाले, आला असेल. मला त्या माणसाने जिन्यात अडवायला हवं होतं, आणि ते मी त्यांना सांगितलंही. नुसते हसले.

पुढे दीडेक वर्षाने भाऊ झोपेतच गेले. मंजूला सांगायला मी गेले होते. ती रडली, दोन दिवस जेवली नाही, कप्तानाला घेऊन बसली. मग तिथल्याच एका मुलीने तिचा हात धरून तिला पंगतीत नेलं आणि ती गेली. रिक्षा बघायला दारात नाही आली. भाऊंचा हिशेब बरोबर निघाला. पण भाऊ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्या महिन्यानंतरच्या पहिल्या भेटीच्या दिवशीचे.

सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघालो. एकटं जायचा त्यांना धीर नव्हता. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा. वड्या त्यांनी स्वतः केल्या होत्या, जरा कडकच झाल्या होत्या. वाटेत सगळा वेळ पाठ केल्यासारखं मला सांगत होते: ती रडेल, गळ्यात पडेल, मी म्हणायचं, बघ, आहे की नाही मी? घरी चल म्हणाली तर काय म्हणायचं, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

मंजू ओसरीवर चार-पाच जणींबरोबर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. अंगात निळा एप्रन. बाबांना बघून खूप हसली, उठून जवळ आली आणि त्यांच्या शर्टाचं बटण ओढून बघितलं, तिची ती जुनी सवय. मग हाताला धरून कपाट दाखवायला घेऊन गेली. कपाट दिवाणखान्यात होतं, दार सताड उघडं. माणसं सगळीकडे पसरलेली, गुरव एकीच्या हातात, राणी दुसरीच्या. कप्तानाचा हात मोडलेला. भाऊ तो तुकडा शोधायला खाली वाकले. मंजूने शब्द शोधून शोधून सांगितलं, "मोडला. चालतं." भाऊ सरळ झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, ती कोणाचं बोलणं तोडत नाही, आणि इथे तिचंही कोणी तोडत नाही. भाऊ नुसतं हो हो म्हणत होते.

वड्या सगळ्यांनी खाल्ल्या. भाऊ बाकावर बसले, मंजू शेजारी बसली. बसली म्हणजे टेकली. सारखी ओसरीकडे बघत होती, तिथे बाकीच्या शेंगा मोडत होत्या आणि तिची परात तशीच राहिली होती. भाऊ तिला काहीतरी सांगत होते, घरचं, आंब्याला मोहोर येतोय असं काहीतरी. ती ऐकून घेत होती. पुरतं ऐकून घेतलं, मधे बोलली नाही. मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, तू आता जा. तुझी गाडी चुकेल."

आम्ही उठलो. फाटकाशी भाऊ चपला घालत होते, काठीमुळे त्यांना वेळ लागायचा. इतक्यात मागून धावत येणारी पावलं वाजली. मंजूच होती. भाऊंनी चप्पल अर्धीच ठेवली, काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात पुढे केले. तिने त्या हातांत रिकामा डबा ठेवला. "राहिला होता," म्हणाली, आणि आली तशी धावत परत गेली.

थांब्यावर आम्ही बराच वेळ बसून होतो. गाडीला उशीर होता. भाऊ डब्याचं झाकण लावत होते, काढत होते.

"वहिनी, तिने मला थांब म्हटलं नाही."

"नाही म्हटलं."

"एकदाही नाही."

"नाही हो भाऊ."

"जमलं म्हणजे," ते म्हणाले, आणि मग रस्त्यावरच्या माणसांदेखत, तोंडाला रुमालसुद्धा न लावता, लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं. गाडी आली तेव्हा आधी मी चढले, आणि वरून त्यांना हात दिला.